घामोळं होतं ते

९ जानेवारी

ताई,

तुझा कान अधू झाल्यापासून फोनवर मी नुसती ओरडत असते आणि दुकानातली गिऱ्हाइकं चष्मे बघायचे सोडून माझ्याकडे बघत बसतात. त्यापेक्षा कागद बरा.

खारूचं काहीतरी बिनसलंय. आठवड्याभरात तीन कप फोडले आणि मी दुकानातून आणलेला हातआरसाही. विचारलं तर म्हणते, पडला. कसा पडला, तर पडला. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली आहे की मुलीचं लक्ष नाही, अक्षर बिघडलंय, शेजारणीची वही फाडली. ताई, दुसरीत पहिल्या पाचात असणारी पोरगी ही. परवा मी सात चोक विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी जणू शेजारणीची आई आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला सगळ्या जगात लिफ्टच दिसतात. म्हणाला, लिफ्ट अडकली की दोष एक तर वायरीत असतो नाही तर आत बसलेल्या माणसात. हिची वायर ठीक आहे, माणूसच आगाऊ झालंय.

मला काही सुचत नाही. आठवं वर्ष चालू आहे, या वयात पोरं अशी वागतात का? तुझ्या हाताखालून इतकी गेली, तू सांग. खाली तिने दोन ओळी लिहिल्यात. अक्षर बघच.

चिमी

मावशी माझे दोन दात पडले. मी ते चष्म्याच्या डबीत ठेवलेत. तू आलीस की एक तुला देईन. एकच.


१८ जानेवारी

चिमे,

पत्र वाचलं आणि आधी हसू आलं. तू अगदी अशीच होतीस. आईने तुझ्यासाठी पितळेचा पेला आणला होता, आठवतो का? तोही तू चेपवलास.

स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. एकुलत्या एका पोरीला तुम्ही दोघांनी डोक्यावर बसवलंय. बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय, दोनशेच्या वर पोरं झाली. हातातलं टाकायचं आणि भोळा चेहरा करायचा, हे सगळं लक्ष वेधायचं नाटक. कप फुटला की तुकडे तिलाच उचलायला लाव. पुन्हा फुटला की एक चापट. मोठी नको, आवाज येईल एवढीच. अक्षरासाठी रोज दोन पानं शुद्धलेखन, आणि झाल्याशिवाय जेवण नाही. महिन्याभरात सुतासारखी सरळ होते की नाही बघ.

आणि रोजचं लिहून ठेवत जा. माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनच्या वह्या कपाटात ओळीने लावल्यात. कुणी किती दूध प्यालं, कोण किती वेळ निजलं, कुणाला ताप, कुणाला खोकला. आईबाप विसरतात, वही विसरत नाही.

आई शेवटची आजारी होती तेव्हा तुझी खारू तीन आठवडे माझ्याकडे होती. आठ महिन्यांचं बाळ, पण काय तोरा. माझ्या त्या लांब दांड्याच्या चमच्याशिवाय तोंड उघडायची नाही. तो चमचा अजून वापरात आहे. तेव्हा वळण मी लावलं होतं, पुढे तुम्ही घालवलंत.

खारूला म्हणावं, दात जपून ठेव, मी घ्यायला येणार आहे. आमची लेक, बडबडी, आता माझ्या खांद्याला लागते, अजून मिनिटभर गप्प बसत नाही.

ताई


७ मार्च

ताई,

तुझं सगळं ऐकलं. तुकडे उचलायला लावले, बोट कापलं तिचं. शुद्धलेखन झाल्याशिवाय जेवण दिलं नाही. चौथा कप फुटला तेव्हा चापट मारली. तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, आई, मी नाही टाकला, हाताने टाकला. मला वाटलं उलट बोलतेय. म्हणून आणखी एक मारली.

मग एकदा जेवताना तिची मान खाली गेली. मागून कुणी टपली मारावी तशी. लगेच वर आली. पुन्हा गेली. मी म्हटलं, चाळे बंद कर. ती रडायला लागली आणि रडतानाही मान जातच होती.

वाचताना अक्षरं मध्येच जातात म्हणत होती, म्हणून तिला दुकानात नेलं. तक्त्यासमोर बसवलं, मीच काचा बदलत गेले. चौदा वर्षं हे काम करतेय, ताई. कुठलीच काच तिला चालेना. तक्त्याच्या कडेची अक्षरं वाचायची, मधली नाहीतच म्हणायची. आमच्याकडे मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात. त्यांनी तिच्या डोळ्याच्या आत बघितलं, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू करून बघितलं. मला म्हणाले, हिला चष्मा नकोय, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, आणि याच आठवड्यात न्या.

तिथे तिच्या डोक्याला वायरी लावल्या. नवरा टक लावून बघत होता. कागदावर रेघा येत होत्या, आणि दर काही सेकंदांनी एक मोठा डोंगर, पुन्हा तसाच डोंगर. डॉक्टर पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे आहेत. त्यांनी एकच विचारलं. ही वर्षाची व्हायच्या आत हिला गोवर झाला होता का?

मी लसीचं कार्ड पुढे केलं. दहाव्या महिन्यात टोचलंय, शिक्का आहे. ते म्हणाले, लसीच्या आधी? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी समजावलं. गोवर बहुतेक पोरांना होऊन जातो. पण फार थोड्या पोरांत, त्यातही अगदी तान्हेपणी झाला असेल तर, तो जात नाही. मेंदूत घर करून बसतो, पाच-सात वर्षं काही कळू देत नाही, आणि मग उठतो. नक्की करायचं तर पाठीच्या मणक्यातलं पाणी सुईने काढून तपासायला हवं. मी म्हटलं, जो आजार झालाच नाही त्याच्यासाठी पोरीच्या पाठीत सुई कशाला? ते म्हणाले, घरी जा, नीट आठवा, कुणाला तरी विचारा.

मला एकच आठवतंय. आईचं सगळं आटपून खारूला घ्यायला आले, तेव्हा तिच्या पोटावर आणि कानांमागे तपकिरी डाग होते, कातडीचा कोंडा निघत होता. मी विचारलं तर तू म्हणालीस, घामोळं होतं ते, उन्हाळा किती आहे बघ.

वही बघ, ताई. सात वर्षांपूर्वीचा एप्रिल, फक्त तीन आठवडे. तुझं उत्तर येईपर्यंत मी सुई थांबवून ठेवली आहे.

चिमी


२४ मार्च

चिमे,

उत्तराला उशीर झाला. इकडे सर्दी-खोकल्याची साथ आहे, मदतीला येणारी बाई आठ दिवस नव्हती, आणि स्वयंपाकघराचा नळ गळतोय तो वेगळाच.

तुझं पत्र वाचून जीव गलबलला. पण डॉक्टर लोकांचं तुला माहीत नाही का? एक वायरी लावतो, दुसरा सुई टोचतो, आणि शेवटी शक्तीचं औषध लिहून देतात. गोवराचं काय घेऊन बसलीस? कार्डावर शिक्का आहे ना? मग झालं. पोरीला अशक्तपणा असेल. रोज अंडं आणि केळं चालू कर.

वहीचं म्हणशील तर त्या वर्षीची वही भिजली. मागे भिंतीत ओल आली होती, तेव्हा खालचा सगळा कप्पा गेला. पण मला चांगलं आठवतंय, घामोळंच होतं. अंगभर पावडर लावत होते मी तिला. दात येत होते म्हणून थोडा ताप होता, एवढंच.

आणि एक सांगू? पोरीला मारलंस हे बरं केलं नाहीस. आजारी पोरावर कुणी हात टाकतं का?

निळा स्वेटर पाठवतेय. बडबडीला आखूड झाला, खारूला बरोबर बसेल.

ताई


३ मे

ताई,

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांना वाचून दाखवलं. वर ऐकवलं, माझी बहीण बावीस वर्षं पोरं सांभाळते, तिला घामोळं कळत नाही का? सुई नको म्हणून सही करून दिली आणि पोरीला घरी आणलं. अंडं आणि केळं चालू केलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती माझा हात धरून चालत होती. तिसऱ्या आठवड्यात भिंत धरूनही चालेना. आता दर सहा-सात सेकंदांनी अंग उडतं. मी घड्याळ लावून बघितलंय, मला दुसरं काम काय आहे. कधी नाव घेतलं की बघते, कधी बघत नाही. एकदा मला बाई म्हणाली, शाळेतल्या बाई समजून.

नवऱ्याने तिला उचलून रिक्षात घातलं आणि सुई टोचून आणली. मी अडवलं नाही. पाणी दुसऱ्या शहरात तपासायला गेलं होतं, काल कागद आला.

गोवर आहे, ताई. त्या पाण्याला घामोळं माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, लसीत खोट नव्हती, ती उशिरा पोचली. तिच्या आधीच गोवर आत शिरला होता. मी विचारलं, मार्चमध्ये कळलं असतं तर? म्हणाले, बरी झाली नसती. यातून बरं करणारं औषध नाही. औषधाने कुणाकुणात हे जरा संथ होतं, काही महिने मिळतात. मी विचारलं, कुठले महिने? चालण्याचे की बोलण्याचे?

तुला एकच विचारते. तेव्हा तुला माहीत होतं की नव्हतं? आणि भिंतीला ओल आली होती वगैरे सांगू नकोस. ज्या कपाटात तू दर महिन्याला डांबराच्या गोळ्या बदलतेस, त्यातली वही भिजत नसते. मार्चमध्येच हे माझ्या डोक्यात आलं होतं. मीच ते बाजूला सारलं, कारण तुझं उत्तर मला हवं तसं होतं.

चिमी


१४ मे

चिमे,

वही भिजलेली नाही. समोर उघडी आहे. जे लिहिलंय तेच उतरवते.

तारीख चार. बडबडीला ताप, डोळे लाल, नाक गळतंय. बाळाला तिच्याच खोलीत निजवलं, दुसरी जागा नाही.

तारीख सहा. बडबडीला कानामागून पुरळ. गोवर.

तारीख पंधरा. बाळाला ताप. दूध अर्धी वाटी.

तारीख अठरा. बाळाला पुरळ, तोंडापासून पोटापर्यंत. गोवर. दूध घेत नाही, चमच्याने पाणी.

माझंच अक्षर आहे. मला माहीत होतं.

बडबडी तेव्हा तीन वर्षांची. तिची लस राहिली होती. एकदा तिला सर्दी होती, एकदा मला वेळ नव्हता. दोनशे पोरांच्या आयांना मी लसीच्या तारखा बजावल्या आणि माझ्याच पोरीची राहिली. पुरळ दिसलं तेव्हा पाळणाघरात चौदा पोरं होती. गोवर म्हटलं असतं तर सगळ्या आया आपापली पोरं घेऊन गेल्या असत्या, आणि माझ्याच पोरीला टोचलं नव्हतं हे कळल्यावर परत कोण आलं असतं? मी तिच्या अंगाला पावडर फासली, पूर्ण बाह्यांचा झगा घातला, विचारेल त्याला घामोळं सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते खोटं माझ्या धंद्यासाठी होतं, त्याला दुसरं नाव देत नाही.

दवाखान्यात तुझा फोन बंद असायचा, म्हणून खारूला ताप आला त्या दिवशी मी तुला निरोप लिहायला बसले होते. पोर गोवराने तापतंय, लगेच निघून ये, एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यात हे दवाखान्यातून आले, दोन तासांचा प्रवास करून, आणि त्यांच्या हातात तुझी चिठ्ठी. आईने आज डोळे उघडले, माझा हात सोडत नाही, जवळून उठू देत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी माझा निरोप फाडला. म्हटलं, आईचं काही खरं नाही, हिला तिच्याजवळ राहू दे, बाळाला मी बघते. ते खोटं तुझ्यासाठी होतं. त्याने पहिलं धुऊन निघेल असं मला वाटलं.

आणि खारू उठली गं. आठ दिवसांत हसायला लागली. गोवर असा सात वर्षं दबा धरून बसतो, हे मला कुठे ठाऊक? तू न्यायला आलीस तेव्हा आई जाऊन दोन दिवस झाले होते, तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माझ्या तोंडून घामोळं निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं.

मार्चमध्ये का खोटं बोलले, तेही सांगते. भ्याले. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी वही काढून वाचली. दोन आठवडे तशीच बसले आणि मग नळाबद्दल लिहिलं.

चापट मारायला मीच सांगितलं होतं. तेही मी विसरलेले नाही.

ताई


२ जून

चिमे,

माझं पत्र मिळालं का? शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

बडबडीला सगळं सांगितलं. दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, म्हणजे माझ्यामुळे. मी म्हटलं, नाही बाई, माझ्यामुळे. तिचं समाधान झालेलं दिसत नाही.

आता पाळणाघरात कुठल्याही पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की मी आधी त्याच्या आईला बोलावून दाखवते. खारू कशी आहे? मी येऊ का?

ताई


१९ जून

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं नवऱ्यानेही वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली आणि कामावर गेला. त्या दिवसापासून तो रोज मला विचारतो, दोष वायरीत होता ना, पोरीत नव्हता ना? मी रोज सांगते, पोरीत नव्हता. तुझ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. तू आलीस तरी बोलणार नाही.

लिहायला वेळ नव्हता. खारूला भरवायला दोन तास लागतात, आणि असं दिवसातून चार वेळा भरवावं लागतं. मी दुकान सोडलंय. ती आता बोलत नाही. डोळे उघडे असतात पण मी समोर आहे हे तिला दिसतं का, ते मला कळत नाही. चौदा वर्षं लोकांचे डोळे तपासले आणि आपल्या पोरीला काय दिसतंय ते सांगता येत नाही. शुद्धलेखनाची वही अजून तशीच टेबलावर आहे. शेवटच्या पानावर नुसत्या उड्या मारलेल्या रेघा आहेत, आणि खाली मी लाल पेनाने लिहिलंय, पुन्हा काढ.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तू निरोप फाडलास म्हणून मला आईजवळचे शेवटचे नऊ दिवस मिळाले. ते नऊ दिवस मी सात वर्षं जपून ठेवले होते. तिने माझा हात धरला होता, माझ्याकडून डोकं चेपून घेतलं होतं. आता त्यातला एकही दिवस आठवला की दिसतं, इकडे माझं बाळ दूध घेत नव्हतं. ते दिवस तुला परत करता आले असते तर केले असते. आई गेलेलीच आहे, तिला काय फरक पडला असता.

चापटांचंही सांगते. तू सांगितल्यास, पण मारल्या मी. तिचा हात तिचा राहिला नव्हता, माझा माझा होता. त्याचं ओझं तुझ्यावर टाकून मोकळं व्हावं असं फार वाटतं, पण जमत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन असंही वाटत नाही. माझ्याकडे आशेने बघू नकोस.

तरी ये.

बोलावते ते प्रेमापोटी नाही. खारू मान धरत नाही, घास गिळताना ठसकते, आणि परवा ठसक्यात तिचे ओठ निळे पडले. मला भरवता येत नाही, ताई. आठ महिन्यांच्या पोराचं करतात तसं सगळं करावं लागतं. ती आठ महिन्यांची होती तेव्हा मी दवाखान्यात होते, आणि हे सगळं तू केलं होतंस. मान कशी धरायची, चमचा कुठल्या बाजूने न्यायचा, गिळली हे कसं ओळखायचं, ते तुझ्या हातांना येतं. डॉक्टर म्हणतात, अशा पोरांना बहुतेक वेळा हे भरवणंच घात करतं. किती दिवस, ते मी त्यांना आता विचारत नाही.

माझ्या घरात रडायचं नाही. माफ कर म्हणायचं नाही. देवाची इच्छा तर अजिबात म्हणायचं नाही. बडबडीला आणलंस तर चालेल. तिला माझ्याजवळ बसव, तुझ्यामुळे नाही असं मी तिला सांगीन. माझ्या तोंडून ऐकलं तर कदाचित पटेल.

कोरी वही आणून ठेवली आहे. रोज लिहायचं, किती गेलं, किती बाहेर आलं, किती वेळा अंग उडालं. जे झालं तेच लिहायचं. रोज मी वाचणार आहे.

चष्म्याची डबी तिच्या उशाशी आहे. तिने तुला एक दात कबूल केला होता. तू तुझ्या हाताने काढून घे, ती देऊ शकत नाही. एकच घे.

स्वेटर आला होता, बसला नाही. येताना तो लांब दांड्याचा चमचा तेवढा आठवणीने आण. आमच्याकडचे सगळे तिच्या दातांना लागतात.

चिमी